तात्या वैद्यांचा सतारीचा वाद

कल्याणात तात्या वैद्यांकडे गेलेला माणूस नुसतं औषध घेऊन कधी परतला नाही. तात्या नाडी धरीत, डोळे मिटीत आणि विचारीत, "आज हयात असलेल्यांत सतारीत पहिला कोण?" रोग्याला सतार आणि तंबोरा यांतला फरक ठाऊक नसला तरी चाले. उत्तर तात्याच देत, "ग्वाल्हेरचे दिलावर खाँ. बाकीचे नंतर." मग पुड्या बांधता बांधता खाँसाहेबांच्या हाताचं वर्णन सुरू होई आणि तापाने फणफणलेला माणूस निमूट मान डोलवी.

मी तेव्हा कल्याणच्या शाळेत मास्तर होतो आणि तात्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. तरुणपणी वैद्यकी शिकायला तात्या ग्वाल्हेरीस गेले होते. तिथे त्यांनी दिलावर खाँना एकदाच ऐकलं, पण ते त्यांना जन्मभर पुरलं.

ठाण्याचे केशवराव वकील हे त्यांचे जिवलग मित्र आणि या बाबतीत कट्टर विरोधक. त्यांच्या मते माळव्यातले नसीब खाँ श्रेष्ठ. दर रविवारी एकजण आगगाडीने दुसऱ्याकडे जाई आणि जेवणाआधीच वाद पेटे. वकील मुद्द्यांवर मुद्दे मांडीत. तात्या म्हणत, "पुरावा तुम्ही आणा, कान मी आणतो."

एका रविवारी मात्र तात्यांचा तोल गेला. नसीब खाँ सतार वाजवीत नाहीत, पिंजतात, असं ते बोलून गेले. केशवराव पानावरून उठले, ते परत आले नाहीत. चार-सहा महिने रविवार सुने गेले. त्या दिवसांत तात्यांचे काढे जास्तच कडू लागत, असं गावात बोलत.

आणि एका सकाळी स्टेशनावरून निरोप आला. घाटात काही बिघाड होऊन पुण्याची गाडी अडली होती आणि उतारूंत एक सतारवाले खाँसाहेब होते, माळव्यातले. तात्या पगडी न घालताच धावले. नसीब खाँना त्यांनी घरी आणलं, ओसरीवर गालिचा घातला, दूध दिलं आणि संकोचत विनंती केली. खाँसाहेबांनी हसून सतार जुळवली आणि तोडी सुरू केली.

मला त्यातलं फारसं कळत नाही. पण औषधाला आलेले रोगी औषध विसरून वाजवणं संपेपर्यंत ओसरीखाली बसले होते, एवढं आठवतं. शेवटी तात्यांनी आपला तो नेहमीचा प्रश्न विचारला. खाँसाहेबांनी कानाच्या पाळ्या धरल्या. दिलावर खाँ हयात असताना हा प्रश्न विचारूच नये, म्हणाले.

तात्यांनी आनंदाने उडीच मारायला हवी होती. पण ते डोळे पुशीत म्हणाले, "खाँसाहेब, माफ करा, तुम्ही चुकताय."

खाँसाहेबांना गाडीत बसवून तात्या मला घेऊन तडक ठाण्याला निघाले. केशवरावांनी दार उघडलं आणि ते काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "केशवराव, मी हरलो. नसीब खाँच पहिले."

वकिलांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग गंभीरपणे म्हणाले, "खुद्द नसीब खाँनी दिलावर खाँचं नाव घेतलं ना? मग तो कबुलीजबाब झाला. मी तुमच्या बाजूला आलो."

दोघे लगेच कडाडून भांडू लागले, बाजू बदलून. वहिनींनी पानं वाढली होती, ती निवून गेली. मी हसून हसून बेजार झालो.

तो नवा वाद पुढे कित्येक वर्षं त्याच जोमाने चालला. मग एके दिवशी दिलावर खाँ गेल्याची बातमी आली. केशवराव, रविवार नसतानाही, कल्याणला आले. ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "आता हयात असलेल्यांत तुमचे नसीब खाँच पहिले. संपलं भांडण."

"असं नाही संपवायचं," तात्या म्हणाले. "मी दिलावर खाँना ऐकलंय. ते केवढे होते ते मी सांगतो. तुम्ही खोडून काढा."

दिवेलागणीपर्यंत तात्या सांगत होते. केशवरावांनी एकही मुद्दा खोडला नाही.