राजाराणीची गोष्ट

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, बेंगळुरातलं अख्खं चिकपेट देवमाणूस म्हणायचं. कारखान्यात फोरमन, कपाळाला गंध, रस्त्यात कुणी भेटलं की दोन्ही हात जोडलेले. घरी आले की तेच हात आईवर सुटायचे. सारात मीठ जास्त झालं, शर्टाची गुंडी तुटलेली राहिली, काहीही निमित्त पुरायचं. आधी दाराला कडी घालायचे, मग रेडिओ मोठा करायचे. आम्ही राहायचो वठारात, म्हणजे एका अंगणाभोवती आठ घरं आणि मधे एक नळ. तिथे कुणी शिंकलं तर पलीकडून "सर्दी झाली का गं?" असं विचारायचे, पण आमच्याकडचं कुणाला काही ऐकू यायचं नाही! दुसऱ्या दिवशी आई नळावर सांगायची, "न्हाणीत पाय घसरला." बायका माना डोलवायच्या. एवढी निसरडी न्हाणी साऱ्या बेंगळुरात दुसरी नसेल.

माझी धाकटी बहीण सात वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. कुणी आवाज चढवला की बोलताना अडखळायची. मी नऊ वर्षांची, आणि माझं सगळं उलटं. मी मारायचे. शाळेत कुणी वाटेत आलं की ढकल, कुणी हसलं की काढ चिमटा, ओढ वेणी. बाई मला कैदाशीण म्हणायच्या, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. मारणाऱ्याला कुणी मारत नाही, एवढं मी घरी शिकले होते. बहिणीवर हात उगारला की ती डोकं झाकून खाली बसायची, थेट आईसारखी. ते बघून आईचा चेहरा पांढराफटक पडायचा. पुढे तिनेच मला सांगितलं, तिला अण्णांची भीती वाटायची, पण त्याहून जास्त माझी वाटायला लागली होती. पोरगी बापाच्या वळणावर चालली, आता हिला आवरायचं कसं, हा घोर तिला लागला होता.

आम्ही कितीतरी पिढ्या इथले मराठी. घरात बोलायचो मराठी, पण बरेच सण कन्नड शेजाऱ्यांसारखेच. दसऱ्यात आमच्याकडे गोंबे मांडायचे: पायऱ्यांवर बाहुल्या, आणि सगळ्यांत वर लाकडी राजाराणी. ती जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. संध्याकाळी वठारातल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या, आणि घरातल्या मुलीने एकेका बाहुलीची गोष्ट सांगायची अशी आमच्या वठाराची पद्धत. माझी जीभ चुरुचुरु चालायची, म्हणून त्या वर्षी आईने मलाच उभं केलं. वाण्याची सांगितली, पोलिसाची सांगितली, बायका खूश. मग राजाराणी आले.

"राजा घरी आला. राणीने सार वाढलं. राजा म्हणाला, मीठ जास्त आहे. मग त्याने कडी लावली, रेडिओ मोठा केला आणि राणीचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. सकाळी राणी म्हणाली, न्हाणीत पाय घसरला."

मी कुणाची चहाडी करत नव्हते हो. नवराबायकोची दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती.

उसळीच्या वाट्या हातात तशाच राहिल्या. एक बाई म्हणाली, "अय्यो, काय खोटारडी पोर! दोन ठेवून द्या हिला." घरमालकीण, जिला सगळं वठार अक्का म्हणायचं, घाईघाईने म्हणाली, "सरी, सरी, असू दे, पोरखेळ आहे. आरती करा आधी." मी आईकडे बघितलं. तिने नुसतं "हो ना" म्हटलं असतं तर मी खोटारडी ठरले असते, घराची अब्रू राहिली असती, सगळ्यांची सोय झाली असती.

आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "ती खोटं बोलत नाही. घरात बघते तेच सांगतेय."

काय बाई होती माझी आई! चौथी शिकलेली, नवऱ्याचं नाव न घेणारी, नळावर आपली कळशी सगळ्यांच्या शेवटी लावणारी. अब्रू एका बाजूला आणि पोरगी एका बाजूला, आणि तिने पोरगी निवडली. आजही आठवलं की माझा ऊर भरून येतो.

अण्णा त्यानंतर सुधारले असं सांगितलं तर ती शुद्ध थाप होईल. पण अक्का खमकी निघाली. तिने त्यांना अंगणातच गाठलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पुन्हा आवाज आला तर घर सोडायचं. तुम्ही एकट्यांनी. बायकामुलं इथेच राहतील." शिवाय रोज ते कारखान्यातून यायच्या वेळेला ती आमच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायला लागली. तिच्यासमोर हात उचलायची देवमाणसाची छाती नव्हती. धुसफूस राहिली, मार थांबला.

आईचं तेवढ्यावर भागलं नाही. सुट्टी संपल्यावर, मी जिला शाळेत सगळ्यांत जास्त छळायचे त्या मुलीच्या घरी ती मला घेऊन गेली. मला वाटलं, आता नाक घासायला लावणार. तिच्या आईने दार उघडलं, आणि माझी आई दारातच हात जोडून म्हणाली, "माझी मुलगी तुमच्या मुलीला मारते. ते ती माझ्या घरात शिकली. माफी मागायची ती आधी मी."

त्या बाईने आईचा हात धरला आणि तिला आत नेलं. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. तो माझ्या आईचा नव्हता.

ती मुलगी आणि मी बाहेर पायरीवर बसलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडे रोज असतं?"

"आता नाही. तुमच्याकडे?"

"फक्त रविवारी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी ती शाळेत रडवेली होऊन यायची. रडव्या मुलीला मारणं सोपं जातं, म्हणून मी तिला नेमकी सोमवारीच धरायचे.