सर्व्हरचा मानपान

ती खंडेनवमी निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे मालक भर दुपारी माझ्या पोलीस ठाण्यात आले. कोणीतरी बाहेरून लॉगिन करून त्यांचा सर्व्हर बंद केला होता आणि बुकिंग ठप्प झालं होतं. त्यांचा संशय सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीवर. तिनं नुकताच राजीनामा दिला होता, म्हणून तिच्यावर गुन्हा नोंदवा, असा त्यांचा आग्रह.

मुलीला चौकशीला बोलावलं. तिची दुसरीकडे नोकरी ठरली होती. गुन्हा नोंदला गेला असता तर ती नोकरी गेलीच असती. पण मुलगी रडली नाही, चिडली. म्हणाली, घरून लॉगिन करायची परवानगी कोणाकोणाला आहे ते मालकांनाच विचारा. दोघांनाच द्या, वेगवेगळ्या नावानं द्या, असं ती सांगून थकली होती.

मालक चाचरले. थोरले काका, दोन्ही मेहुणे आणि व्याही, सगळ्यांना एकाच नावाचं लॉगिन आणि एकच पासवर्ड. तोही सर्व्हरच्या उद्‌घाटनाला शाल-श्रीफळासोबत दिलेला.

"एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही, तर लग्नाकार्यात तोंड कसं दाखवू, साहेब?"

मी कपाळाला हात लावला. इंटरनेट कंपनीकडून माहिती मागवली. लॉगिन नवी मुंबईतल्याच करावे नावाच्या गावातून, थेट थोरल्या काकांच्या घरून झालं होतं.

मालकांना आणि पंचांना घेऊन तिथे गेलो. टेबलावर लॅपटॉप, त्यावर हळदकुंकू आणि सुकलेला झेंडू. काकांनी आधी चहा पाजला आणि मी विचारायच्या आत सांगून टाकलं, "खंडेनवमीला हत्यार चालवत नाय. घरचा बंद केला, मंग कंपनीचा पन केला. पोरं इसरली असतील."

मालक मला बाजूला घेऊन कुजबुजले, काकांचं लॉगिन काढायचं तुम्हीच सांगा, तुम्ही वर्दीत आहात. अट्टल दरोडेखोरांना बोलतं केलेला मी, पण मीही आधी आणखी एक कप चहा मागून घेतला. कसंबसं सांगितलं.

"काढा की," काका म्हणाले. "मना पायजे का, ता कुनी इचारलाच नाय. पासवर्डच्या टेन्शननं झोप नाय लागत. पन पोरानं मान दिला, नाय कसा म्हननार?"

मालकांनी मुलीची माफी मागितली. तिनं जाण्याआधी सगळ्या पाहुण्यांचं लॉगिन बंद केलं आणि एकही रुसला नाही. जो मान कोणालाच नको होता, तो राखताना एका निरपराध मुलीच्या पोटावर पाय येणार होता, याचा मला आजही राग येतो. तेव्हापासून मी घरी आलेल्यालाही चहा हवा का, असं आधी विचारतो. बायको म्हणते, हा पाहुणचार नाही, जबाब आहे.