तीन रुपये वर

गुरुवार, अकरा तारीख. रक्कम ऐंशी हजार. हजर मी आणि माझी थोरली बहीण मंदाताई. भाचीच्या वसतिगृहाची अनामत सोमवारी भरायची होती. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे पैसे मागितले.

मी मोबाइलवर दोनशे शेअर दाखवले. "भाव चारशे दहा आहे. तीन रुपये वर जाऊ दे, मग विकतो."

"तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली.

शुक्रवारी तो भाव आला, सहाशे रुपये जास्त मिळाले. पण शेअर विकले की पैसे लगेच हातात येत नाहीत. आधी ते ब्रोकरकडच्या खात्यात जमा होतात, मग बँकेत, आणि मध्ये शनिवार-रविवार आले. हे मला पाठ होते, तरी चुकलो.

मंगळवारी पैसे बँकेत आले, तेव्हा ताईकडे गेलो. तिने चहाचा कप पुढे केला. मनगटावर पाटलीच्या जागी नुसता फिकट पट्टा होता.

"मिळाले का रे तुझे तीन रुपये?" तिने विचारले. टोमणा नव्हता, ती खरेच विचारत होती.

पडद्यावरचा आकडा मी इतकी वर्षे आपला पैसा समजत आलो. मागणाऱ्याच्या हातात वेळेवर पडला नाही, तर तो नुसता आकडाच.

संध्याकाळी पाटल्या सोडवायला दोघे सराफाकडे गेलो. मुद्दलाचे ऐंशी हजार मी त्याला दिले. एका दिवसासाठीही पूर्ण महिन्याचे व्याज लागले; ते बाराशे, माझा हात बाजूला सारून, ताईने दिले.