दादाने पाडलेली गच्ची

तार आली तेव्हा मी वर्गात मुलींना भूमिती शिकवत होते. शाळेच्या शिपायाने ती हातात दिली आणि तो दाराशीच थांबला. तारेचे पाकीट दिसले की माणसे दाराशी थांबतात, तसा. दादा नवसारीला एका शाळेचा पाया पाहायला गेला होता. दुपारी यजमानांकडे आमरसाचे जेवण झाले, ‘जरा पडतो’ म्हणून तो आडवा झाला, आणि उठला नाही. इतकेच. पुढे ते यजमान स्वतः बडोद्याला भेटायला आले. कसे सांगावे अशा चेहऱ्याने म्हणाले, “तीन वाट्या रस घेतला होता त्यांनी.” आणि रडता रडता वहिनीला हसू फुटले. “तीनच?” ती म्हणाली.

आता काही आठवडे झाले आहेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा आधी नको वाटले. दादाचे नाव बांधकामातल्या लोकांना ठाऊक, तुम्हा वाचकांना कशाला असेल? पण त्याची एक गोष्ट सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. आपण बांधलेली इमारत पडली म्हणून टाळ्या वाजवणारा इंजिनियर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

वामन हा माझा थोरला भाऊ. आमचे आजोबा महाराजांच्या पागेत होते, वडील कचेरीत. दादाला संस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरी मिळाली तेव्हा घर धन्य झाले, आणि ती सोडून त्याने रावपुऱ्यात स्वतःची कचेरी उघडली तेव्हा घराने डोक्याला हात लावला. त्याला काँक्रीटचे वेड लागले होते. बडोद्यात तेव्हा इमारती विटांच्या, दगडांच्या, सागवानाच्या. लोखंडी सळया घालून सिमेंटची गच्ची ओतायची, हे लोकांना जादूसारखे वाटे. दादा समजावून सांगे, “दाबलं तर काँक्रीट सोसतं, ताणलं तर सळई सोसते. दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं पाहिजे, एवढंच. संसारच आहे तो.” यावर वहिनी आतून विचारी, “आणि स्वयंपाक कोण सोसतं?”

तिला विचारायचा हक्क होता. तिच्या लोणच्याच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे दादा साचे म्हणून पळवी, त्यांत सळईचा तुकडा घालून काँक्रीटचे ठोकळे पाडी आणि मागच्या अंगणातल्या न्हाणीच्या चुलीत ते भाजत बसे. लोखंड आगीत जळत नाही, पण लाल होण्याच्या सुमारास त्याचे निम्मे बळ जाते. आग सळईपर्यंत पोचूच नये म्हणून तिच्या अंगावर काँक्रीटचे किती जाड पांघरूण हवे, हे त्याला शोधायचे होते. आंघोळीचे पाणी मात्र घरात नेहमी कडकडीत असे.

त्याचे पहिले मोठे काम म्हणजे चुनीलालशेठांची कापसाची वखार. शेठ उंच, सदा पांढऱ्या धोतरात, बोलणे निम्मे गुजराती, निम्मे त्यांच्या समजुतीचे मराठी. वखार दोन हंगामांत बांधली गेली. आधी पूर्वेचा भाग, पुढच्या वर्षी त्याला लागून, मध्ये जाड भिंत घालून, पश्चिमेचा. दोन्ही मजबूत, दोन्हींवर सपाट गच्ची. मधल्या वर्षात चुलीतले प्रयोग झाले होते, म्हणून पश्चिमेच्या भागात दादाने सळयांवरचे पांघरूण दुप्पट केले. शेठ कुरकुरले, “वामनभाई, सळीने टाढ वाय छे?” सळईला थंडी वाजते का, असे विचारत होते ते! दादा म्हणाला, “उकाड्यासाठी आहे, शेठ.”

आणि एका उन्हाळ्यात दुपारी वखारीला आग लागली. माणसे सगळी बाहेर पडली, पण दोन्ही भागांतला कापूस दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिला. धूर निवळला तेव्हा पाहतो तर वखार उभी! सागवानाची असती तर राख उरली असती. अख्खे बडोदे पाहायला लोटले. कापसाचा विमा होता, त्यामुळे शेठ खुशीत होते. त्यांनी दादाकडे पेढे पाठवले आणि जाहीर केले की, मुलीच्या लग्नाची पंगत याच गच्चीवर बसेल. लग्न जवळ आले होते.

दादाने पेढे खाल्ले, हातोडी घेतली आणि तो वखारीत शिरला. मीही मागून गेले. पश्चिमेला तो हातोडी मारी तिथे खणखणीत आवाज येई. वरचा थर काळवंडला होता, एवढेच. पूर्वेला आवाज भद्द. छताचे पापुद्रे सुटून खाली पडलेले, काँक्रीट गुलाबीसर झालेले, सळया उघड्या पडून मधोमध झोळीसारख्या लोंबलेल्या. दादा बराच वेळ वर पाहत राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, “शेठ, पूर्वेच्या गच्चीवर मांजरही चढू द्यायचं नाही. ती पाडावी लागेल.”

शेठ गोरेमोरे झाले. त्यांच्या होणाऱ्या जावयाकडच्यांनी मुंबईहून दुसरे इंजिनियर बोलावले. त्यांचे मत पडले, लोखंड गार झाले की त्याचे बळ परत येते. तेव्हा भेगा बुजवा, गिलावा करा आणि खुशाल पंगत वाढा.

“बरोबर आहे त्यांचं,” दादा म्हणाला. “लोखंडाचं बळ बरंचसं परत येतं. पण भाजलेलं काँक्रीट पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि दोघांची सुटलेली मिठी परत बसत नाही. तिथलं पांघरूण मीच कमी धरलं होतं, शेठ. चूक माझी आहे. गिलाव्याखाली ती झाकू नका.”

शेवटी त्यानेच तोड काढली. दोन्ही गच्च्यांचे पन्हाळ बाहेरून बुजवायचे आणि पंपाने वर पाणी भरायचे. पंगतीएवढा भार होईल इतके पाणी. वर कुणी चढायला नको, खाली कुणी उभे राहायला नको. “पूर्वेची टिकली तर मी कचेरीला कुलूप लावतो,” तो म्हणाला. घरी आल्यावर वहिनी त्याच्याशी दोन दिवस फक्त माझ्यामार्फत बोलली.

त्या सकाळी सगळे रस्त्यापलीकडे उभे होतो. पाणी चढू लागले. पूर्वेच्या छतातून आधी ठिबक, मग धार... आणि मग ऊस मोडावा तसा कडाड आवाज झाला व अख्खी गच्ची पाण्यासकट आत बसली. राखेचा काळा लोंढा दारातून रस्त्यावर आला, आणि शेठांचे पांढरे धोतर गुडघ्यापर्यंत काळे झाले. “पडली!” दादा ओरडला आणि टाळ्या वाजवू लागला. मग एकदम थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. पहिले काम होते त्याचे.

शेठ दादाजवळ आले. मग हळूच म्हणाले, “वामनभाई, पंगतीत मारी दीकरी, माझी मुलगी पण बसणार होती.”

पश्चिमेच्या गच्चीवरचे पाणी तसेच होते, खाली थेंब नाही. पण आता तिच्याखाली जायला कुणी तयार होईना. दादाने शेठांसाठी आणलेली खुर्ची उचलली, थेट त्या छताखाली मधोमध नेऊन मांडली आणि बसला. मला म्हणाला, “शांते, चहा सांग.” माझ्या आधी वहिनीच पदर खोचून आत शिरली, आणि दोन दिवसांत प्रथमच त्याच्याशी बोलली. “सरका जरा. पडायचंच असेल तर दोघांवर पडू दे. मागं राहून आवराआवर कुणी करायची?” दोघे एका खुर्चीवर कसेबसे बसून चहा प्यायले. बशीत ओतून, सावकाश.

लग्नाची पंगत पश्चिमेच्या गच्चीवर झाली. मुंबईचे इंजिनियरही होते, आणि दादाने त्यांना आग्रह करकरून मोहनथाळ वाढला. पुढे शेठांनी पूर्वेचा भागही दादाकडूनच बांधून घेतला. ‘चूक कबूल करणारा इंजिनियर’ म्हणून त्याच्याकडे कामे येऊ लागली, पार नवसारीपर्यंत.

परवा वहिनीकडे गेले. बाहेरच्या खोलीत पितळी कड्यांचा झोपाळा आहे. संध्याकाळी दोघे त्यावर बसत, दादा उजवीकडे. दादाच्या वजनाने त्या बाजूच्या कड्या झिजल्या आहेत आणि फळी तिकडे कलली आहे. मी म्हटले, सुतार बोलावून सरळ करून घेऊ. वहिनी आपल्या बाजूला बसली, पायाने हलकेच झोका घेतला, आणि बसल्या बसल्या उजवीकडे सरकत गेली.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “रोज अशीच सरकायचे. तेव्हा ते मध्ये असायचे, म्हणून थांबायचे.”