रूम चारच्या नावावरचा फोन

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होते. लोक माझ्याकडे पोलिसातल्या तपासाच्या गोष्टी ऐकायला येतात. ही मी सहसा टाळतो.

चाकणजवळच्या कुरुळीतल्या एका मुलीच्या नावाने कोणीतरी एका दुपारी खोटे प्रोफाइल काढून तिचे फोटो आणि मोबाइल नंबर टाकला होता. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या नोंदीवरून आम्ही एका घरमालकाच्या वाय-फायपर्यंत पोहोचलो. खाली मालक, वर कामगारांना भाड्याने दिलेल्या पाच खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक राउटर. मालक फार व्यवस्थित. नुसत्या पासवर्डवर त्याच्याकडे नेट मिळत नसे. फोन राउटरच्या यादीत नावासकट चढवावा लागे आणि तो कधी जोडला, याचीही तिथे नोंद राही. ती यादी त्याने स्वतःहून पुढे केली. "हे बघा साहेब, रूम चार. टाइम बी जुळतोय. आमी काय कुणाच्या मनात शिरून बघत न्हाई."

रूम चारमध्ये लातूरकडचा एक तरुण एकटाच राहत होता. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. त्याला उचलला, अटक दाखवली नाही आणि दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवला. शिफ्टवरून येऊन दुपारी झोपलो होतो, हे एकच तो सांगत राहिला. मी आवाज चढवला. खरे सांगायचे तर हातही उचलला.

तिसऱ्या दिवशी सायबरकडच्या एक महिला हवालदार आल्या. त्यांनी त्याचा फोन मागितला. वाय-फायसाठी प्रत्येक फोनचा वेगळा क्रमांक असतो, तो सेटिंगमध्ये दिसतो. यादीत रूम चारच्या नावावर दोन फोन होते आणि त्या वेळी जोडलेला फोन याचा नव्हता. पाच मिनिटांचे काम. त्याचा फोन दोन दिवस माझ्याच टेबलाच्या खणात पडून होता.

यादी भरायचे काम मालकाचा मुलगा करत होता. त्याच्या कपाटात यादीतला तो दुसरा फोन सापडला. त्या मुलीने त्याला नकार दिला होता, त्याचा राग. रूम चारच का निवडली, असे विचारले तर शांतपणे म्हणाला, "बाहेरचा माणूस हाय. त्याच्यासाठी कोण भांडणार?" त्याचा अंदाज मीच खरा करून दाखवला होता.

सोडल्यावर आठवड्याने तो तरुण ठाण्यात आला. कंत्राटदाराने कामावरून काढले होते. मालकाने खोली रिकामी करायला लावली होती.

"साहेब, मी काही केलं नव्हतं, एवढं कागदावर लिहून द्या. दुसरीकडं काम मागायला लागंल."

अटकच नव्हती, मग लिहून काय देणार, असे सांगून मी त्याला वाटेला लावले. खरे कारण वेगळे होते. लिहून दिले असते तर दोन दिवस त्याला कशासाठी बसवला, याचे उत्तर मला द्यावे लागले असते. नोकरी त्याची गेली होती. मला माझी सांभाळायची होती.

त्या गुन्ह्याच्या तपासाबद्दल मला बक्षीस मिळाले. ते मी घेतले.