हाइकेने सोडलेली चार मिनिटं

एडिनबराच्या तालमीच्या हॉलला हीटिंग होतं, पण अकरा वाजेपर्यंत ते काही मनावर घेत नसे. हाइके दहालाच यायची. साठाव्या वर्षी अंग तापायला तासभर लागतो. कोट न काढताच ती भिंतीला धरून उजवा पाय हळूहळू मागे न्यायची. खुब्यात कळ यायची. ती येऊन गेली की दिवस सुरू.

नाटकाच्या जाहिरातीत ती हाइके लोरेंट्स होती. लंडनला घराजवळच्या डॉक्टरकडे नाव पुकारलं जायचं ते मिसेस राजाध्यक्ष.

जन्म ड्रेस्डेनचा. दहाव्या वर्षी सरकारी नृत्यशाळेत निवड झाली, तेव्हा परीक्षक बाईंनी आधी तिच्या आईला उभं करून पाहिलं होतं, मुलगी पुढे कशा अंगाची होणार याचा अंदाज घ्यायला. अठराव्या वर्षी एका लहान गावच्या थिएटरात नोकरी लागली. सकाळी बॅले, संध्याकाळी ऑपेराच्या गर्दीत उभं राहणं, रविवारी मुलांच्या नाटकात कोल्हीण. दोन सिनेमेही मिळाले. एकात ती सूतगिरणीतली कामगार होती, भोंगा झाल्यावर यंत्रांमधून नाचत जाणारी. वर्षभर बेकरीत लोक तिला त्यावरून ओळखायचे. मग बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला, आणि दोन वर्षांत थिएटरने नृत्याचा विभागच बंद केला. अठ्ठावीस वर्षांची हाइके एक बॅग घेऊन लंडनला आली.

लंडनने काम दिलं नाही असं नाही. सुरुवातीला म्युझिकल्सच्या कोरसमध्ये नाचली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अभिनयाकडे वळली, आणि तिथे तिच्या उच्चारांनी सगळं ठरवून टाकलं. जर्मन बाई हवी म्हणजे युनिफॉर्म. नाझी छावणीतली पहारेकरीण, तुरुंगातली डॉक्टर, कमांडंटची बायको. टीव्हीवर, सिनेमात मिळून अशा सतरा भूमिका झाल्या. त्यांतल्या एकीलाही लेखकाने नाव म्हणून दिलेलं नव्हतं.

यतीन भेटला तो असल्या दोन कामांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. हीथ्रोवरची त्याची कार्गो कंपनी त्याला फ्रँकफर्टला पाठवणार होती, म्हणून तो तिच्याकडे जर्मन शिकायला आला. फ्रँकफर्ट राहिलं, लग्न झालं. मराठी तिला सासूबाईंनी शिकवली, बारा वर्षं एका स्वयंपाकघरात. तो-ती-ते मात्र कधीच जमलं नाही. "अगं, तुमच्याकडेही तीनच आहेत ना?" सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "तीनच, पण वेगळ्या वस्तूंना," हाइके म्हणायची.

आणि आता हे नाटक. रूथ नावाची म्हातारी नर्तकी, मोठी भूमिका, शेवटी चार मिनिटं एकटीचा नाच. संहिता आली त्या दिवशी यतीनने ऑफिसातून लवकर येऊन श्रीखंड आणलं होतं. हॉस्पिटलच्या यादीतलं नाव काढून घेऊन खुब्याचं ऑपरेशन ती तीन वर्षं टाळत होती. पुन्हा नाचता नाही आलं तर, ही भीती. आता तर टाळायला सबळ कारणच मिळालं.

तालमीच्या नवव्या दिवशी दिग्दर्शिका फियोनाने जेवणाच्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं.

"एक विचारू? तू खुर्चीत बसून राहिलीस, आणि तरुण रूथ म्हणून दुसरी कुणी नाचली, तर? तू फक्त तिच्याकडे बघायचंस."

"माझं पाऊल चुकतंय का?"

"नाही," फियोना म्हणाली. "पण तू पाऊल टाकलंस की आम्ही सगळे श्वास रोखून धरतो. प्रेक्षकही धरतील. त्यांनी रूथची काळजी करावी, तुझी नाही."

हाइकेने सँडविचचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. भांडायला हवं होतं. वाक्यंही तयार होती. गेल्या तीस वर्षांत ती अनेकदा मनात म्हणून झाली होती. पण छातीत राग शोधायला गेली तर तिथे दुसरंच काही होतं. उद्या सकाळी दहाला यायला नको. बस्स, एवढंच.

"चालेल," ती म्हणाली.

संध्याकाळी फोनवर यतीन मात्र उसळला. "चालेल काय चालेल? त्या नाचासाठी तर तू हे नाटक घेतलंस! एजंटला सांग. नाहीतर मी बोलतो."

"नको. यतीन, मी दमलो."

"दमले," त्याने सवयीने सुधारलं.

"आणि मला बरं वाटलं," हाइके म्हणाली. "तेच वाईट आहे. तिने विचारलं, आणि मला बरं वाटलं."

पहिल्या प्रयोगाला तो आला. शेवटी पंचविशीतली एक उंच मुलगी नाचली, आणि हाइके तीन फुटांवर खुर्चीत बसून बघत राहिली. मुलगी छान नाचली. एका ठिकाणी तिने वळण घाईने घेतलं, तेव्हा हाइकेची मान आपोआप किंचित हलली. प्रेक्षक उठून उभे राहिले. परीक्षणांत नाचाचं फार कौतुक झालं. हाइकेबद्दल एक ओळ होती, तीही आवाजाबद्दल.

"कसं वाटलं? खरं सांग," हॉटेलकडे चालताना तिने विचारलं.

"खरं सांगू? नाच बघायचं मी विसरलो. तुझ्याकडेच बघत होतो."

"तू नवरा आहेस."

"शेजारची बाईही तुझ्याकडेच बघत होती. ती काय माझी नातेवाईक नव्हती."

हाइके हसली, पण तिला त्याचा दंड धरून चालावं लागत होतं, आणि हॉटेलकडचा चढ संपता संपेना.

एकवीस प्रयोग झाले. एकही चुकला नाही. घरी परतल्यावर दोन दिवस ती नुसती झोपून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हॉस्पिटलला फोन लावला. पस्तीस मिनिटं तेच तेच संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या. यादीत नाव परत घालता येईल, साधारण आठ महिने लागतील, चालेल का?

"घाला," हाइके म्हणाली.

"व्यवसाय?" बाईंनी फॉर्मवरचा प्रश्न वाचला. "उभं राहून करायचं काम असतं का तुमचं?"

"आतापर्यंत होतं," ती म्हणाली, आणि जन्मतारीख सांगायला लागली.