गवत आळंदीला गेलं

चाकणच्या कंपन्यांच्या मागे आमच्या भाऊकीचा मुरमाड माळ आहे. माझ्या वाट्याच्या तुकड्यात मी आपटा, खैर आणि कडुनिंबाची रोपं लावली. स्कूटीवरून पाण्याचे कॅन नेले. ओल टिकावी म्हणून आळ्यांत वाळलेलं गवत अंथरलं. शेजारचा तुकडा माझ्या चुलत दिरांचा. वर्षानुवर्षं माझ्या तुकड्यातलं गवतही तेच कापून न्यायचे. मी कधी चकार शब्द काढला नाही.

फाल्गुनात त्यांनी नेहमीसारखा माळ पेटवला. माझ्या आळ्यांतलं गवत भडाभडा पेटलं. मी पोचले तेव्हा रोपांच्या जागी काळ्या काड्या उभ्या होत्या.

"वैनी, माळ पेटवल्याबिगर गवत जोमानं येत न्हाई. बापजाद्यापासून चालत आलंय," भाऊजी म्हणाले. वर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाच्या घराला आग लागो, असं मी देवापुढे बसून म्हटलं.

घराला काही झालं नाही. मी मात्र त्या काड्यांना पाणी घालत राहिले. बाईला खूळ लागलंय, असं लोक म्हणायचे. असेल. बऱ्याच काड्या मेल्या, पण काहींना बुडातून फुटवा आला. त्यांच्याभोवती मी गवताऐवजी दगड रचले.

दिवाळीनंतर गवत पिकलं, तसं बायका लावून माझ्या तुकड्यातलं सगळं कापून घेतलं. टेम्पो मुद्दाम भाऊजींच्या दारासमोर उभा करून भरला आणि आळंदीच्या एका गोशाळेला पाठवला. पुण्याचं पुण्य, सुडाचा सूड. भाऊजी ओट्यावर बसून बघत होते. मला फार गोड वाटलं.

फाल्गुनात त्यांनी पुन्हा माळ पेटवलाच. आग माझ्या हद्दीपर्यंत आली आणि खायला काही नाही म्हणून विझली.

वैशाखात ते दारात आले. "वैनी, म्हस उपाशी हाय. चार पेंढ्या द्या की."

पडवीत मी मागे ठेवलेल्या पेंढ्या त्यांना दिसत होत्या.

"माळ जळून गेलाय, आता आगीची भीती नाही," मी म्हटलं. "त्या रोपांना अंथरायच्यात."

ते आल्या वाटेनं गेले. आठवड्याभरात त्यांनी म्हैस विकली. माझ्या नातवाला तिचंच दूध असायचं. तो आता पिशवीतलं दूध तोंड वाकडं करून पितो. पिऊ दे. त्या उन्हाळ्यात माझं एकही रोप मेलं नाही.